कोहळ्याची बाजू

शुक्रवारी रात्री बाराला आमचं आलं.
पोस्टर नाही, गुलाल नाही.
उद्यमनगरातल्या शेडचं शटर अर्धं ओढून
शीतल चौगुलेनं कळ दाबली,
म्हणाला, "गेलं बघ."
लेथ झाकलेले. कटिंग ऑइलचा वास तेवढा जागा.

सहा गाणी, सदतीस मिनिटं,
दोन वर्षं,
आणि तौफिकच्या विकलेल्या बुलेटचे पैसे.

दिवसा मी फौंड्रीत वाळू तपासतो.
आमच्याकडं बायाही मी जातो, मी येतोच म्हणतात,
व्याकरण कुणी विचारू नये.
साच्याच्या वाळूत ओल किती, दम किती,
कुठल्या वजनाला फुटेल.
रात्री तीच तपासणी गळ्याची.
पोरगी गाते म्हटल्यावर पाहुणे सावरून बसतात,
एखादी लावणी, गेलाबाजार भावगीत.
पोटाच्या तळातनं मी जे काढलं
त्यानं एका मामांचा चमचा पोह्यातच राहिला.
आई अजून अडुळसा देते.
खोकला नाही गं तो, सांगून दमलो.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.
देवीनं कोल्हासुराला मारलं,
मरताना त्यानं एवढंच मागितलं,
गावाला माझं नाव राहू दे.
दरसाल पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर
त्याच्या नावानं कोहळा फुटतो.
सात वर्षांची असताना काकांच्या खांद्यावरनं बघितला,
आत पांढरा निघाला.
मला लाल वाटलेला.
माणसं फोडींवर तुटून पडली
आणि मी घरी येईपर्यंत गप्प.

आरती तिची, बरोबरच आहे.
पण एसटीच्या पाटीवर, आधार कार्डावर
ज्याचं नाव घेऊन आपण हिंडतो
त्याच्या घशात शेवटी काय आलं असेल?

तिथनं सुरू झालं.

एवढ्या मोठ्या मरणाला वाद्यमेळ लागतो.
तो कुठनं आणायचा?
डॉल्बीनं घरी बसवलेली एक बँड पार्टी होती लक्ष्मीपुरीत.
दस्तगीर मोमीन, क्लॅरिनेट, दोन दात कमी,
तीन ट्रंपेट, एक पिचकलेलं युफोनियम.
बिनमुहूर्ताच्या दिवशी आले, तरी गणवेशात आले,
खांद्यावर काळवंडलेली कलाबतू.
"वरात कुणाची?"
"राक्षसाची, चाचा."
जरा विचार करून म्हणाले,
"मग सावकाश चालायला पाहिजे."

ईश्वरा आवळ्यांनी हलगी भट्टीच्या तोंडाशी धरून तापवली,
बोटानं टिचकी मारून ऐकली, परत तापवली.
कानातली टिकटिक काढून ठेवली पाच मिनिटांत.
"ह्याला दम लागत न्हाई. माणसाला लागतोय."
कुस्तीच्या फडात वाजवलेले हात,
मयतीपुढंही तेच.
"मढ्यापुढं हलकं वाजवायचं असतंय, पोरी.
त्ये ऐकत असतंय."
आम्ही इतकी वर्षं मरणावर ओरडत होतो,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
शीतलनं मशीन बंद केलं,
दोन्ही पायांचा गडगडाट म्हाताऱ्याच्या मागनं न्यायला शिकला.
आठवडा गेला. गुडघा गेला.

तर शुक्रवारी सगळे शेडमध्ये.
तौफिकची गिटार करवतीसारखी आली,
त्यावर पितळ चढलं, उतरलं,
मी माझा आवाज ऐकला आणि ओळखला नाही.
पाचव्या गाण्यात सगळं थांबतं,
नुसती हलगी उरते.
ईश्वराआबा स्पीकरला कान लावून बसलेले.
संपल्यावर म्हणाले,
"हितं मी घाई केली.
मरू द्यायचं हुतं त्याला."
शीतल म्हणाला, आता बदलता येत नाही.
"असू दे. फुडच्या खेपंला."
आणि चपला शोधायला लागले.

किती लोकांनी ऐकलं, विचारू नका.
तौफिक अजून चालत येतो.

सोमवारी डिस्पॅचला खोक्यांवर शिक्का मारत होते,
पंप हाउसिंग, नग चाळीस,
खाली काळ्या शाईत कोल्हापूर,
खोक्यामागनं खोकं.
मी जवळ उभी राहून
घशातल्या घशात त्याला एक ओ दिली.
शिक्का मारणाऱ्या पोरानं हात थांबवला
आणि पाण्याची बाटली पुढं केली.